सौम्य, पण कशाच्या तुलनेत? : सोनोग्राफीत दिसणाऱ्या मूत्रपिंडाच्या किरकोळ दोषांचा आढावा

पोटाच्या सोनोग्राफीच्या अहवालात मूत्रपिंडांविषयी ‘माइल्ड’ या विशेषणाने सुरू होणारी एखादी ओळ निघणे, ही आता नित्याची गोष्ट झाली आहे. तपासणी पित्ताशयातील खड्यांसाठी असो, मासिक पाळीच्या तक्रारीसाठी असो किंवा नुसत्या वार्षिक ‘बॉडी चेकअप’साठी असो, पोटावरून प्रोब फिरताना दोन्ही मूत्रपिंडे दिसतातच आणि जे दिसले ते लिहिणे तपासणाऱ्याला भाग असते. त्यामुळे ज्याला लघवीची कसलीही तक्रार नव्हती, असा मनुष्य आत जातो आणि बाहेर येतो तो मूत्रपिंडाच्या काळजीचे ओझे घेऊन. या ओळींपैकी कोणती खरोखर आजार सांगते, कोणती केवळ रूप सांगते आणि या दोहोंतला फरक कशावरून ओळखायचा, हा या लेखाचा विषय आहे.

इंदूरसारख्या शहरात या प्रश्नाला भाषेचाही एक पदर आहे. अहवाल इंग्रजीत छापलेला असतो, तो हाती देताना खिडकीवर जे दोन शब्द सांगितले जातात ते हिंदीत असतात आणि राजेंद्रनगर, सुदामानगर किंवा रामबागेतल्या मराठी घरी पोहोचेपर्यंत त्यांचे मराठी झालेले असते. ‘माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस’चे ‘किडनी में हल्की सूजन’ होते आणि घरात शिरताना ते ‘किडनीला सूज आली’ असे होऊन शिरते. मराठीत सूज म्हणजे दुखरे, तापलेले, भरलेले अंग. शिवाय मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाच्या पायांवर आणि डोळ्यांखाली सूज येते, हेही पुष्कळांना ऐकून ठाऊक असते. या दोन अर्थांची सरमिसळ होऊन ऐन मे महिन्यात, बाहेर पारा चाळिशीपलीकडे गेलेला असताना, ‘किडनीवर ताण नको’ म्हणून पाणी कमी केले जाते, आणि ज्याला सर्वांत जास्त पाण्याची गरज असते त्यालाच ते तोडले जाते. मूळ शब्दात मात्र सूज कुठेच नाही. हायड्रो म्हणजे पाणी, नेफ्रॉस म्हणजे मूत्रपिंड, आणि दोन्ही मिळून अर्थ एवढाच की मूत्रपिंडाच्या आतील पोकळीत मूत्र नेहमीपेक्षा थोडे अधिक साठलेले दिसले.

शब्दांचा हा घोळ समजण्यासाठी चित्र कसे तयार होते ते थोडे पाहावे लागते. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात. प्रोबमधील स्फटिक विजेच्या स्पंदनांनी थरथरतात आणि माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या, म्हणजे श्राव्यातीत, ध्वनिलहरी शरीरात सोडतात. पोटासाठी या लहरींची कंपने साधारणपणे सेकंदाला २० ते ५० लाख एवढी असतात. दोन वेगळ्या ऊतींच्या सीमेवर या लहरींचा काही भाग प्रतिध्वनी होऊन परततो, आणि त्या प्रतिध्वनींच्या जोरावरून पडद्यावर करड्या रंगाच्या छटा उमटतात. मूत्रासारखा स्वच्छ द्रव काळा दिसतो, चरबी आणि खडा पांढरा दिसतो, आणि मांसल ऊती या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येतात. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये पोटातील गाठींची अशी चित्रे प्रसिद्ध केली, तेव्हापासून यंत्रे कितीतरी सुधारली, तरी एक मर्यादा मूळ स्वरूपात तशीच राहिली आहे. या चित्रातील काळ्यापांढऱ्याला स्वतःचे असे माप नाही. एखादा भाग ‘उजळ’ आहे असे लिहिले जाते ते शेजारच्या भागाच्या मानाने, आणि ‘सौम्य’ हे विशेषणही बहुतेक वेळा कशाच्या तरी तुलनेतच वापरलेले असते. कशाशी तुलना झाली ते कळले, की अर्ध्याहून अधिक अहवाल उलगडतो.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते त्या तथाकथित सुजेच्या बाबतीत. मूत्रपिंडात तयार झालेले मूत्र आधी लहान प्याल्यांसारख्या पोकळ्यांत उतरते, त्यांना कॅलिक्स म्हणतात. तेथून ते नरसाळ्याच्या आकाराच्या पेल्व्हिसमध्ये येते आणि पुढे सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या मूत्रवाहिनीतून मूत्राशयात जाते. पोटाच्या सोनोग्राफीसाठी मूत्राशय भरलेले हवे असते, म्हणून केंद्राच्या बाकावर बसलेला रुग्ण पाण्याची बाटली रिकामी करतो, पुन्हा भरून आणतो, आपला क्रमांक येईपर्यंत पाय घट्ट जुळवून बसतो आणि दर दहा मिनिटांनी खिडकीपाशी जाऊन अजून किती वेळ म्हणून विचारतो. अशा ताणलेल्या मूत्राशयावर मूत्राचा उतार मंदावतो, त्यातच नुकत्याच प्यालेल्या पाण्यामुळे मूत्र भराभर तयार होत असते, आणि अगदी निरोगी माणसाच्या दोन्ही बाजूंच्या पोकळ्या किंचित फुगून दिसू लागतात. अहवालात याचीच ‘माइल्ड फुलनेस ऑफ पीसीएस’ अशी नोंद होते. पीसीएस म्हणजे पेल्व्हिस आणि कॅलिक्स मिळून झालेली पोकळ्यांची व्यवस्था. यावर उपाय अगदी साधा आहे. रुग्णाला लघवी करून यायला सांगावे, पंधरावीस मिनिटांनी पुन्हा प्रोब ठेवावा, आणि फुगवटा ओसरला तर तसे अहवालात लिहावे. गर्दीच्या दिवशी ही पंधरा मिनिटे वाचवली जातात, आणि त्यांची भरपाई रुग्ण पुढे कित्येक महिने काळजीने करतो. अशा अहवालात पेल्व्हिसची रुंदी मिलिमीटरमध्ये दिलेली असणे आणि लघवीनंतरची स्थिती नोंदलेली असणे, या दोन गोष्टींचा आग्रह रुग्णाने अवश्य धरावा. आकडा नसलेले ‘माइल्ड’ पुढच्या खेपेला तुलनेसाठी निरुपयोगी ठरते.

मूत्राशय रिकामे झाल्यावरही फुगवटा राहिला, तरी त्याची सगळीच कारणे आजाराची नसतात. काही माणसांची पेल्व्हिस जन्मतःच मूत्रपिंडाच्या बाहेर, ऐसपैस असते. गर्भारपणात, विशेषतः उजव्या बाजूला, मूत्रवाहिनी सैल पडते आणि वाढत्या गर्भाशयाखाली दबते, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत उजव्या मूत्रपिंडात थोडे मूत्र साठलेले दिसणे हे बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत शरीराच्या स्वाभाविक फेरबदलांत मोडते. त्यासोबत ताप, थंडी किंवा कमरेत तीव्र कळ नसेल तर वाट पाहणे पुरते. पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडाविषयीही असेच वाक्य येते आणि घर हादरते. तेथे मात्र मापे ठरलेली आहेत. गर्भाच्या पेल्व्हिसची पुढून मागे मोजलेली रुंदी २८ आठवड्यांच्या आत ४ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक आणि त्यानंतर ७ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक भरली, तर ती लक्ष ठेवण्याजोगी मानली जाते, आणि अशा सौम्य फुगवट्यांपैकी बहुतांश जन्मानंतर आपोआप नाहीसे होतात. जन्मानंतरची पहिली सोनोग्राफी, तातडीचे कारण नसेल तर, पहिले ४८ तास उलटल्यावर करावी. कारण त्या दोन दिवसांत बाळाला मूत्रच कमी होते आणि असलेला फुगवटाही लपून राहू शकतो.

याच ओळीची दुसरी बाजू तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण ‘माइल्ड आहे, सोडून द्या’ हे वाक्यही धोक्याचे असू शकते. मूत्रवाहिनीत अडकलेल्या खड्याने पहिल्या काही तासांत फारच थोडा फुगवटा येतो, म्हणून फुगवट्याच्या प्रमाणावरून अडथळ्याची गंभीरता ठरत नाही. साठी उलटलेल्या पुरुषाच्या दोन्ही मूत्रपिंडांत मूत्र साठलेले दिसले आणि लघवी करून आल्यावरही मूत्राशयात बरेच मूत्र उरत असेल, तर प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीमुळे मूत्र मागे तुंबत आहे असा त्याचा अर्थ असू शकतो; हे तुंबणे वेदनेविना चालते आणि वेळीच मार्ग मोकळा केला नाही तर मूत्रपिंडांना कायमचे निकामी करू शकते. मध्यमवयीन स्त्रीच्या बाबतीत आणखी एक कारण आहे, ज्याचा उच्चार संकोचाने टाळला जातो. गर्भाशयमुखाचा कर्करोग बाजूला पसरून मूत्रवाहिनीला वेढतो, आणि अंगावरून जाणे, अवेळी रक्तस्राव यांसोबत असा फुगवटा दिसला तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडून आतील तपासणी झाल्याखेरीज तो अहवाल बाजूला ठेवता कामा नये. फुगवट्यासोबत थंडी वाजून ताप असेल, किंवा माणसाला मूत्रपिंड एकच असेल, तर मात्र दिवसांचा हिशेब सोडून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

दुसरी नेहमीची ओळ उजळपणाची असते: ‘कॉर्टिकल एकोजेनिसिटी माइल्डली रेझ्ड, सीएमडी मेंटेन्ड’. मूत्रपिंडाचा बाहेरचा थर म्हणजे कॉर्टेक्स, त्याच्या आतले त्रिकोणी भाग म्हणजे मेड्युला, आणि या दोहोंतील छटेचा फरक टिकून असणे म्हणजे सीएमडी मेंटेन्ड. रक्त गाळण्याच्या सूक्ष्म जाळ्या कॉर्टेक्समध्ये असतात. दीर्घ आजाराने तेथे व्रण पडून तंतू वाढले, तर तो थर पडद्यावर उजळू लागतो. मात्र उजळ म्हणजे कशाहून उजळ? येथे मापदंड म्हणून शेजारचे यकृत वापरले जाते. निरोगी कॉर्टेक्स यकृताहून किंचित गडद किंवा जवळपास तेवढाच असतो. यकृताइतका झाला तर पहिली श्रेणी, यकृताहून उजळ झाला तर दुसरी आणि मूत्रपिंडाच्या मध्यभागातील चरबीइतका पांढरा झाला तर तिसरी, अशी रीत रूढ झाली. हेडविग ह्रिचाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली अशा प्रतिमा आणि त्याच मूत्रपिंडांचे सूक्ष्मदर्शकाखालील तुकडे शेजारी ठेवून हा संबंध तपासला होता. पण १९८८ साली जोएल प्लॅट आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की ज्यांचे मूत्रपिंड यकृताइतके उजळ दिसते, त्यांच्यापैकी बहुसंख्यांचे मूत्रपिंडाचे काम सुरळीत असते. अर्थात पहिली श्रेणी हा स्वतःहून आजाराचा पुरावा ठरत नाही. तरीही ‘ग्रेड वन’ हे शब्द कानावर पडताच घरात ‘फर्स्ट स्टेज’ ऐकू येते आणि श्रेणीची अवस्था होते, वास्तविक या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंधच नसतो.

शिवाय मापदंडच बदलला तर काय? ज्या अहवालात मूत्रपिंडाविषयी हे वाक्य असते, त्याच कागदावर वर यकृताविषयी ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ असेही पुष्कळदा छापलेले आढळते. चरबी साठलेले यकृत स्वतःच उजळते. त्याच्या शेजारी ठेवलेले आजारी मूत्रपिंडही मग गडद आणि निरोगी भासू शकते. उलट यकृत काविळीसारख्या दाहाने गडद झाले असेल, तर त्याच्यापुढे निरोगी मूत्रपिंडही उजळ वाटते. बैठे काम, सकाळी पोहे-जलेबी आणि त्यावर सेव, रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत एक फेरी असा दिनक्रम असलेल्या मध्यमवयीन इंदुरी माणसाच्या बाबतीत ही पहिली शक्यता विसरून चालत नाही. प्रतिमेचा ‘गेन’, म्हणजे उजेड कमीजास्त करणारे बटण, तपासणाऱ्याच्या हातात असते. बारीक माणसाचे मूत्रपिंड जवळ असते, लठ्ठ माणसाचे दूर असते आणि ध्वनी वाटेतच क्षीण होतो. अशा सगळ्या गोष्टींच्या वजाबाकीनंतर जे उरते, तेवढाच त्या ओळीचा खरा अर्थ.

म्हणून उजळपणाचा निवाडा दुसरीकडे, रक्ताच्या आणि लघवीच्या तपासणीत होतो. रक्तातील क्रिएटिनिन हा स्नायूंच्या चयापचयातून निघणारा टाकाऊ पदार्थ असून तो मूत्रपिंडे बाहेर टाकतात. मात्र त्याचा आकडा एकटा वाचणे फसवे ठरते. प्रयोगशाळेच्या कागदावर २५ वर्षांच्या तरुणाचे क्रिएटिनिन १.१ असेल आणि ६५ वर्षांच्या कृश स्त्रीचेही १.१ असेल, तर दोन्ही आकडे ‘नॉर्मल’ म्हणून छापले जाण्याची शक्यता मोठी. वय आणि लिंग धरून काढलेला गाळणीचा अंदाजी दर, ज्याला ईजीएफआर म्हणतात, २०२१ च्या सीकेडी-एपीआय सूत्राने काढला तर तरुणाचा मिनिटाला सुमारे ९५ मिलिलिटर येतो आणि त्या स्त्रीचा सुमारे ५६. ६० च्या खालचा दर तीन महिन्यांहून अधिक काळ टिकला, तर तो मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार, असे केडिगो या आंतरराष्ट्रीय मंडळाचे मार्गदर्शन सांगते. म्हणजे एकाच आकड्यामागे एक निरोगी माणूस आणि एक कदाचित रुग्ण उभा असतो, आणि या दोघांच्या सोनोग्राफीत कदाचित काहीही फरक दिसला नसता.

लघवीची तपासणी तर याहून महत्त्वाची आहे. अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन निरोगी गाळणीतून फारसे सुटत नाही, आणि गाळणी फाटू लागली की ते लघवीत उतरते. लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर ग्रॅमला ३० मिलिग्रॅम किंवा त्याहून वर गेले आणि तीन महिन्यांनीही तसेच राहिले, तर तो धोक्याचा इशारा होय, मग सोनोग्राफी कितीही स्वच्छ असो. मधुमेही माणसाच्या बाबतीत हे विशेष खरे आहे, कारण मधुमेहाने मूत्रपिंड बिघडू लागते त्या सुरुवातीच्या काळात ते आकाराने मोठे आणि पडद्यावर अगदी निर्दोष दिसते. ‘सोनोग्राफी नॉर्मल आली’ या वाक्याने जितक्या मधुमेही माणसांचे खोटे समाधान होत असेल, तितकी ‘माइल्ड’ या शब्दाने निरोगी माणसांना खोटी भीती वाटत असेल, आणि पहिला अन्याय दुसऱ्याहून मोठा आहे. या दोन तपासण्यांना रक्तदाबाची मोजणी जोडली की सामान्य दवाखान्यात होऊ शकणारा निवाडा जवळपास पुरा होतो. अहवालाच्या तळाशी ‘सजेस्ट क्लिनिकल कोरिलेशन’ असे जे छापलेले असते आणि जे कुणीच वाचत नाही, त्याचा आशय हाच की चित्र माणसाशी ताडून पाहा.

तिसरी ओळ खड्यांची, आणि माळव्यात तिला तोटा नाही. राजस्थान, गुजरात आणि त्यांना लागून असलेल्या प्रदेशात मूत्रखड्यांचे प्रमाण अधिक असल्याचे वैद्यकीय लेखनात दीर्घकाळ नोंदले गेले आहे, आणि इंदूर त्या पट्ट्याच्या कडेला येते. अहवालात ‘३ मिमी कॉन्क्रीशन इन मिडल कॅलिक्स’ असे लिहिलेले असते, त्याचे बोलण्यात ‘पथरी’ आणि घरी ‘मुतखडा’ होते. खरा खडा पडद्यावर पांढरा ठिपका म्हणून दिसतो आणि त्याच्यामागे काळी सावली पडते, कारण ध्वनी त्याला भेदून जात नाही. चार-पाच मिलिमीटरच्या आतील ठिपक्याची सावली पुष्कळदा पडत नाही आणि मग चरबीचा कण, रक्तवाहिनीच्या भिंतीतील चुना आणि खरा खडा यांत भेद करणे कठीण होते. सोनोग्राफी लहान खडे निसटू देते, ज्यांना पकडते त्यांचे माप थोडे फुगवून सांगते, आणि काही वेळा नसलेले खडे दाखवते. म्हणूनच तीन महिन्यांपूर्वी चार खडे होते आणि आता दोनच उरले, यावरून औषधाने दोन विरघळले असा निष्कर्ष काढता येत नाही. यंत्र आणि हात बदलला तरी संख्या बदलते. पक्की खातरजमा हवी असेल तर कमी किरणमात्रेचे सीटी स्कॅन करावे लागते, पण वेदना नसलेल्या तीन मिलिमीटरच्या ठिपक्यासाठी त्याची गरज क्वचितच पडते. मूत्रवाहिनीत उतरलेले ५ मिलिमीटरपर्यंतचे खडे तीनांपैकी साधारण दोन वेळा आपोआप पडून जातात.

पाठदुखी आणि असा ठिपका यांची गाठ घालण्याची घाई सर्वत्र दिसते. खड्याची कळ बरगडीखालून उठते, लाटांनी येते, जांघेकडे धावते आणि माणसाला कुठल्याही कुशीवर स्वस्थ पडू देत नाही. वाकताना किंवा बराच वेळ बसल्यावर दुखणारी कंबर ही बहुधा मणक्याची किंवा स्नायूंची असते. ती ‘किडनीची’ ठरवून रोज वेदनाशामक गोळी घेतली गेली, तर त्या गोळ्यांनी मूत्रपिंडातील रक्तप्रवाह आवळला जातो आणि अहवालात नसलेला आजार खरोखरच निर्माण होऊ शकतो. जड धातूंची भस्मे घातलेल्या, घटक न सांगता पुड्यांत विकल्या जाणाऱ्या औषधांबाबतही हीच भीती आहे.

मुतखड्यावर कुळथाचे कढण देण्याची मराठी घरांत जुनी रीत आहे, आणि तिच्यात जो उपयोग आहे तो मुख्यतः कढणातल्या पाण्याचा. सर्वांत अधिक आढळणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे कोणत्याही पेयाने विरघळत नाहीत. यूरिक आम्लाचे खडे मात्र लघवी अल्कधर्मी करणाऱ्या औषधांनी विरघळू शकतात. पाण्याचे महत्त्व इटलीत लोरिस बोर्गी यांनी १९९६ साली मोजून दाखवले: एकदा खडा झालेल्यांपैकी ज्यांनी दिवसाला दोन लिटर लघवी होईल इतके पाणी पिणे पाळले, त्यांच्यात पाच वर्षांत सुमारे १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, आणि ज्यांनी पाळले नाही त्यांच्यात २७ टक्क्यांना. माळव्याच्या उन्हात तेवढी लघवी होण्यासाठी तीन लिटरांहून अधिक पाणी लागते, कारण उरलेले घामावाटे जाते. १९७८ साली जलूदहून सत्तरेक किलोमीटरवरून नर्मदेचे पाणी इंदुरात आले, तरी शहराच्या कडेच्या वसाहतींत अजूनही बोअरचे जड पाणी वापरात आहे, आणि ‘खाऱ्या पाण्याने पथरी होते’ ही समजूत तेथे पक्की आहे. पाण्यातील कॅल्शियमवर एवढा रोष धरण्यास मात्र पुरेसा आधार नाही. आतड्यात कॅल्शियम ऑक्झलेटला बांधून विष्ठेवाटे बाहेर नेते. बोर्गी यांच्याच २००२ सालच्या प्रयोगात दूध-दही बंद करणाऱ्या ६० पुरुषांपैकी २३ जणांना, तर नेहमीइतके कॅल्शियम ठेवून मीठ आणि मांस कमी करणाऱ्या ६० जणांपैकी केवळ १२ जणांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला. मिठातील सोडियम लघवीत कॅल्शियम ओढून आणते. दूध-दही तोडण्यापेक्षा सेव, नमकीन, पापड आणि लोणची आवरणे हे इंदुरी माणसाला जास्त अवघड आहे, आणि उपयोगही त्याचाच अधिक होतो.

सिस्टविषयी थोडक्यात सांगता येते. मूत्रपिंडावरील साधी सिस्ट म्हणजे पातळ भिंतीची, स्वच्छ द्रवाने भरलेली पिशवी. ती आतून पूर्ण काळी, कडेने गुळगुळीत आणि मागच्या बाजूला उजळ अशी दिसते. वय वाढेल तशा त्या वाढतात, पन्नाशीनंतर पुष्कळांत आढळतात आणि त्यांना औषध लागत नाही. पडदे, चुना, जाड भिंत किंवा आत रक्तप्रवाह असलेली सिस्ट वेगळी. तिच्यासाठी मॉर्टन बॉस्निआक यांनी १९८६ साली सीटी स्कॅनवर आधारलेली वर्गवारी दिली आणि २०१९ साली तिची सुधारित आवृत्ती आली. कुटुंबात डायलिसिस किंवा पॉलिसिस्टिक किडनीचा इतिहास असेल तर मात्र सिस्टची संख्या वयाशी ताडावी लागते. १५ ते ३९ वर्षांच्या वयात दोन्ही मूत्रपिंडे मिळून किमान तीन, ४० ते ५९ मध्ये प्रत्येकात किमान दोन, हा २००९ साली ठरवलेला निकष त्यासाठी वापरतात. हा आजार आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते, म्हणून लग्नाआधी तो लपवण्याऐवजी रक्तदाब लवकर मोजायला लागणे हिताचे. ‘अँजिओमायोलिपोमा’ हे लांबलचक नाव असलेली छोटी पांढरी गाठ चरबी, स्नायू आणि रक्तवाहिन्यांची बनलेली असून बहुधा निरुपद्रवी असते. पण लहान कर्करोगही कधी तितकाच पांढरा दिसतो, म्हणून एकदा सीटी किंवा एमआरआयने तिच्यातील चरबी दाखवून घ्यावी, आणि ती ४ सेंटिमीटरपलीकडे वाढली तर रक्तस्रावाचा धोका तज्ज्ञाकडून तपासून घ्यावा. प्लीहेच्या दाबाने डाव्या मूत्रपिंडावर आलेला उंचवटा, गर्भावस्थेतील खाचा तशाच राहिल्याने आलेली नागमोडी कड, घोड्याच्या नालेसारखी खाली जुळलेली दोन मूत्रपिंडे, ही शरीराच्या घडणीतली विविधता आहे. शेवटच्या प्रकारात खडे आणि जंतुसंसर्ग यांची शक्यता थोडी अधिक असते, एवढेच.

एकच चित्र माणसागणिक किती वेगळे बोलते, याचे इंदूरच्या परिसरातील ठळक उदाहरण म्हणजे सिकल सेल. महाराजा यशवंतराव रुग्णालयात, ज्याला सगळे शहर ‘एमवाय’ म्हणते, धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानी आणि खरगोनहून येणाऱ्या भिल्ल, भिलाला आणि बारेला समाजांत रक्ताचा हा आनुवंशिक आजार आहे; अलीराजपूर आणि झाबुआ येथे मध्य प्रदेश शासनाने २०२१ साली त्याची तपासणी मोहीम सुरू केली आणि २०२३ साली शहडोलहून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी मूत्रपिंडाच्या आतल्या भागात अडकतात, त्यामुळे कॉर्टेक्सऐवजी आतील त्रिकोण उजळ होतात आणि मूत्रपिंड सुरुवातीला थोडे मोठे दिसते. सिकल सेल असलेल्या मुलाच्या अहवालातील ‘माइल्डली एकोजेनिक पिरॅमिड्स’ सोडून देण्याजोगे नसते. त्याचे क्रिएटिनिन कमीच येते आणि म्हणून खोटा दिलासा देते. त्याच्या लघवीतील अल्ब्युमिन दर वर्षी पाहावे लागते, आणि लघवी पातळ व वारंवार होत असल्याने उन्हाळ्यात त्याला पाण्याची टंचाई इतरांहून लवकर बाधते. शहरातल्या चेकअप केंद्रात निरोगी माणसाला घाबरवणारे विशेषण येथे खऱ्या रुग्णाला दुर्लक्षाच्या खाईत ढकलू शकते.

शेवटी काळाचे माप राहते. प्रौढ माणसाचे मूत्रपिंड साधारण ९ ते १२ सेंटिमीटर लांब असते, ठेंगण्या माणसाचे त्याहून थोडे लहान असले तरी चालते, आणि दोन्हींत दीड सेंटिमीटरपर्यंतचा फरक दोष मानला जात नाही. एका हाताने ९.६ मोजलेले मूत्रपिंड दुसऱ्या हाताने ९.१ भरते, कारण प्रोबचा कोन थोडा तिरपा पडला तरी लांबी बदलते. त्या अर्ध्या सेंटिमीटरवरून ‘किडनी आखडू लागली’ असे म्हणता येत नाही. तेच मूत्रपिंड चार वर्षांत, एकाच केंद्रात, १०.२ वरून ८.४ वर आले आणि कॉर्टेक्सही पातळ झाला, तर प्रत्येक अहवालावर वेगवेगळे पाहता ‘माइल्ड’ असेच लिहिलेले असले तरी झालेला बदल मोठा आहे. दवा बाजारातून गोळ्यांसोबत मिळालेल्या पिशवीत कोंबलेले जुने अहवाल म्हणूनच फेकून देऊ नयेत. नव्या तपासणीला जाताना ते तारखेच्या क्रमाने लावून, मागच्या तपासणीतील मिलिमीटरचे आकडे पेन्सिलीने वर लिहून, प्रोब हातात घेणाऱ्याच्या समोर आधीच ठेवावेत.